करून दाखवतो, बघा!

मागच्या गुरुवारची गोष्ट. सकाळची साडेसहाची बॅच संपत आली होती. मी कोपऱ्यात प्लेट्स जागच्या जागी लावत होतो (हे काम खरं तर मेंबरांचं, पण ते असो) आणि आमचा नवा ट्रेनर एका बाईंना नवीन व्यायाम शिकवत होता. मागचा पाय बाकावर, पुढचा जमिनीवर, दोन्ही हातांत डंबेल्स आणि एका पायावर खाली बसून वर यायचं. बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट म्हणतात त्याला. पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा, तयारीचा. पाठ ताठ, गुडघा जागचा हलत नाही, चेहऱ्यावर आठी नाही. त्यानं आठ वेळा करून दाखवलं. मग पाय बदलून परत आठ वेळा. झाल्यावर बाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या. "अय्या, किती छान करता हो तुम्ही!"

पोरगा खूश झाला. मग बाईंनी स्वतःचा पाय बाकावर ठेवला, डुगडुगल्या, भिंत धरली आणि म्हणाल्या, "मला नाही बाई जमायचं हे."

घरी येताना स्कूटरवर डोक्यात तेच घोळत होतं. पोरानं चूक काहीच केली नव्हती. जे करून दाखवलं ते बिनचूक होतं. आणि तरीही बाईंना त्यातून एकच गोष्ट शिकायला मिळाली, ती म्हणजे हे आपल्याला येणार नाही. तेव्हापासून ठरवलं होतं की या विषयावर एकदा लिहायचंच. बरेच दिवस इथे फिरकलो नव्हतो, तेवढंच निमित्त!

तर मंडळी, माझं म्हणणं असं. जिममध्ये नवीन व्यायाम शिकवायची जी रीत सगळीकडे पडली आहे, म्हणजे ट्रेनरनं झकास करून दाखवायचं, "समजलं?" विचारायचं, समोरच्यानं मान डोलवायची आणि लगेच "चला, बाराचे तीन सेट", ती मुळात शिकवायची रीतच नाही. तो ट्रेनरचा व्यायाम झाला. विद्यार्थ्याचा अजून सुरूच झालेला नाही. शिकवणाऱ्याचं खरं काम करून दाखवल्यानंतर सुरू होतं, आणि ते काम म्हणजे बघणं. जो दाखवण्यात रमतो त्याचं बघणं राहून जातं.

हे मी शहाणपणाच्या उंचावरून बोलत नाहीये. मी वर्षानुवर्षं हेच केलंय, आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी दिलीय.

२०१८ सालची गोष्ट. मी नुकताच केटलबेलचा दोन दिवसांचा वर्ग करून आलो होतो. केटलबेल म्हणजे वर कडी असलेला लोखंडी गोळा. मूळचा रशियातला, तिकडे त्याला गिऱ्या म्हणतात. त्यातला 'स्विंग' हा व्यायाम मला भयंकर आवडला होता. सोमवारी सकाळी बॅचला उत्साहानं म्हटलं, "आज एक नवीन गोष्ट. करून दाखवतो, बघा!" आणि वीस वेळा गोळा फिरवून दाखवला. दम लागला तो लपवला. सगळ्यांनी वा वा केलं.

बॅचमध्ये एक काका होते. बँकेतून निवृत्त झालेले, एकसष्ट वर्षांचे. आठ महिन्यांत एकही खाडा नाही. त्यांना मी बारा किलोचा गोळा दिला आणि पलीकडच्या दोघांकडे वळलो. नवव्या की दहाव्या वेळेला काका थांबले. गोळा हळूच खाली ठेवला (तो आपटू नये याचीही काळजी घेतली माणसानं), कंबर धरली आणि मॅटवर बसले ते उठेचनात.

तीन आठवडे अंथरुणावर होते. मी भेटायला गेलो, माफी मागितली. तर काका म्हणाले, "अहो, तुमचं काय चुकलं? तुम्ही दाखवलंत तसंच केलं मी."

काकूंनी चहा दिला. त्या काहीच बोलल्या नाहीत. मी चहा प्यायलो आणि निघालो.

"तुम्ही दाखवलंत तसंच केलं." हे वाक्य मी कितीतरी दिवस उलटंसुलटं करून पाहिलं. काका खोटं बोलत नव्हते. त्यांनी जे पाहिलं तेच केलं होतं. फक्त त्यांनी पाहिलं ते आणि मी केलं ते, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

कसं ते सांगतो. स्विंग हा हातांचा व्यायाम नाहीच. गोळा मांड्यांमधून मागे जातो तेव्हा खुब्यात घडी पडते, पाठ सरळच राहते. मग खुबे झटक्यात पुढे येतात आणि त्या झटक्यानं गोळा छातीपर्यंत जातो. हात म्हणजे नुसत्या दोऱ्या. पण बघणाऱ्याला काय दिसतं? खाली वाकलेला माणूस, वर जाणारे हात आणि उडणारा गोळा. डोळा हलणाऱ्या गोष्टीच्या मागे जातो. न हललेली पाठ, रोवलेले तळपाय, पोटाचा आवळलेला घेर, रोखून सोडलेला श्वास, यातलं काहीही दिसत नाही. काकांनी पाठीची कमान करून बारा किलो वजन हातांनी ओढून वर काढलं. दहा वेळा.

यात एक वाईट गंमत आहे. ट्रेनर जितका सफाईदार, तितकं त्याचं काम कमी दिसतं. नवशिक्याची धडपड तरी दिसते. मुरलेल्याचं सगळं आतल्या आत चालतं. म्हणजे आपण सर्वांत चांगलं करून दाखवतो तेव्हाच समोरच्याला सर्वांत कमी कळतं!

भाषेचीही एक भानगड आहे. आम्ही सगळे मराठी ट्रेनर सर्रास म्हणतो, "कमरेतून वाका." आता आपल्याकडे कंबर म्हणजे काय? परकराची नाडी बांधतात ती, पट्टा लावतात ती आणि दुखते तीही. तिथून वाकलं की मणका गोल होणारच. जिथून वाकायला हवं तो सांधा खाली आहे, मांडी धडाला जोडली जाते तिथे, म्हणजे खुबा. हा शब्द आपल्याला एरवी आठवतच नाही. कुणी म्हातारं माणूस पडून खुबा मोडला की तेवढ्यापुरता तो घरात येतो. इंग्रजीत 'हिप' म्हणावं तर लोकांना वाटतं आपण बसण्याच्या जागेबद्दल बोलतोय. तेव्हा त्या दिवशी मी दाखवलं एक, बोललो दुसरं आणि काकांनी केलं तिसरं. यात एकट्या काकांची कंबर सापडली, एवढंच.

ते अंथरुणावर असताना मला आठवण झाली ती कोल्हापूरची. लहानपणी, १९८५-८६ च्या सुमाराला, मी अडीच वर्षं तालमीत जात होतो. पैलवान वगैरे काही झालो नाही, नातेवाईक वाचत असतील तर ते हसतीलच. पण वस्ताद कसे शिकवायचे ते अजून डोळ्यांसमोर आहे. ते कट्ट्यावर बसलेले असत. मी त्यांना एकदाही जोर किंवा बैठक मारून दाखवताना पाहिलं नाही. पहिले पंधरा दिवस तर मला कुणी काही शिकवलंच नाही. हातात खोरं दिलं आणि हौदा उकरायला लावला. रोज लाल माती ओढायची. वाकून वाकून जीव जायचा. वस्ताद मधूनच एखादा शब्द टाकायचे. "पाय." थोड्या वेळानं "मान." बास. एका वेळी दोन शब्द कधी नाहीत. पाय म्हटलं की पाय सुधारायचा, मग पुढचं.

आता कळतं की ते पंधरा दिवस फुकट नव्हते. माती ओढता ओढता खुब्यातून वाकणं, पाय रोवणं, पाठ न सोडणं हे अंगात शिरत होतं, आणि मला ठाऊकही नव्हतं की मी शिकतोय. मग बैठका आल्या तेव्हा करून दाखवायला वस्ताद उठले नाहीत. त्यांनी माझ्याहून दीडेक वर्षानं मोठ्या एका पोराला पुढे केलं. त्याची बैठक काही फार देखणी नव्हती. मधेच तोल जायचा, मग सावरायचा. पण तो सावरताना काय करतो ते मला दिसलं! ते दिसलं म्हणून मलाही सावरता आलं. आणि तो दाखवत असताना वस्ताद त्याच्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

तालमीचे गोडवे गायचे नाहीत मला. तिथे मारही मिळायचा, दुखलं खुपलं सांगायची सोय नव्हती, आणि मुलींना तर तेव्हा उंबऱ्याच्या आत प्रवेशच नव्हता. ज्यांना जमलं नाही ती पोरं गळून गेली आणि त्यांचं पुढे काय झालं हे कुणी विचारलं नाही. पण वस्तादांचे डोळे विद्यार्थ्यावर असत, एवढं खरं.

याच्या अगदी उलट आमची शाळा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, त्यांच्या संस्थानात तो शाळांमधून नेला. १९३८ साली त्यांच्या पद्धतीवर इंग्रजीत जे पुस्तक निघालं त्याचं नावच 'द टेन पॉइंट वे टू हेल्थ'. म्हणजे अख्खी हालचाल आकड्यांत तोडून मांडलेली. ही युक्ती मोठी होती, कारण तुकडे केल्याशिवाय नवीन हालचाल शिकवता येत नाही. पण आमच्या शाळेत पोचेपर्यंत तिचं काय झालं होतं? पीटीचे सर ओट्यावर, खाली मैदानात तीन-चारशे पोरं, "एक... दोन... तीन..." आणि मागच्या रांगेत आम्ही एकमेकांच्या पाठीत कोपर घालतोय. तुकडे होते, दाखवणारा होता, फक्त बघणारा कुणी नव्हता. दहा वर्षं शाळेत नमस्कार घातले आणि ते घालताना पाठीचं काय करायचं असतं हे मला तिशीत कळलं.

आता कुणी म्हणेल, हे सगळे जुन्या आठवणींचे उमाळे. तर थोडं आजच्या शास्त्राचंही सांगतो. हालचाल माणूस कशी शिकतो यावर बराच अभ्यास झालेला आहे. १९९८ साली गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्कीइंगसारख्या डाव्या-उजव्या झोक्यांच्या यंत्रावर लोकांना शिकवायचं होतं. काहींना सांगितलं, आपल्या पायांच्या जोराकडे लक्ष द्या. काहींना सांगितलं, पायांखालच्या फळीच्या चाकांकडे लक्ष द्या. दुसरे लोक जास्त चांगलं शिकले. फरक म्हटला तर चार-दोन इंचांचा, पण अंगाकडे लक्ष देण्यापेक्षा अंगानं बाहेर काय घडवायचं आहे तिकडे लक्ष दिलं की शरीर आपलं आपण जुळवून घेतं. १९८४ साली साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या तिघांनी आणखी एक गोष्ट मांडली. शिकणाऱ्याला प्रत्येक वेळी "हे चुकलं, ते चुकलं" सांगत राहिलं तर तो त्या सांगण्यावरच टेकून राहतो. सांगणारा गेला की हालचालही गेली. वस्तादांनी हे काही वाचलेलं नव्हतं. पण एक शब्द टाकून गप्प बसण्यात काहीतरी अर्थ होता तर!

काका आठ महिन्यांनी परत आले. मला वाटलं नव्हतं येतील म्हणून. आले आणि म्हणाले, "पहिल्यापासून सांगा." त्या दिवसापासून मी नवीन व्यायाम शिकवायची माझी पद्धत बदलली, आणि ती त्यांच्यावरच पहिल्यांदा करून पाहिली.

पहिले दोन आठवडे गोळा नाही, डंबेल नाही, काही नाही. फक्त एक काठी. ती पाठीवर उभी धरायची, तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोकं, खांद्यांच्या मधली पाठ आणि माकडहाड. आता वाका. काठी तिन्हीपैकी कुठूनही सुटली की कळतंच, मी सांगावं लागत नाही. दुसरं, भिंत. भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभं राहायचं आणि सांगायचं, "दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या आहेत, मागचं दार लोटायचंय. कशानं लोटाल?" काका हसले आणि त्यांनी बरोबर मागे नेलं. पाठ सरळ, खुब्यात घडी. वाका म्हणालो नाही, कंबर म्हणालो नाही, करूनही दाखवलं नाही. मग वीतभराचं अंतर हळूहळू वाढवत नेलं. तिसऱ्या आठवड्यात हातात हलके डंबेल्स. गोळ्याला हात लागायला सव्वादोन महिने गेले. आज काका सोळा किलोचा स्विंग करतात, आणि नवा कुणी आला की भाजीच्या पिशव्यांचा दृष्टांत मला न विचारता तेच देतात. :-)

याचा अर्थ करून दाखवायचंच नाही, असं नाही. दाखवावं लागतंच. शब्दांनी पोहायला शिकवता येत नाही तसंच हे. पण मी काही पथ्यं पाळतो. दोन-तीनदाच दाखवायचं, आणि बाजूनं उभं राहून, कारण पाठीचा आकार समोरून कळत नाही. समोर तोंड करून दाखवायचं असेल तर "उजवा" म्हणताना आपला डावा उचलायचा, नाहीतर अर्धी बॅच गोंधळते. दाखवण्याआधी सांगायचं की नेमकं काय बघा: "माझ्या हातांकडे बघू नका, माझ्या पँटच्या खिशाकडे बघा." समोरच्याला जेवढं जमणार आहे तेवढंच दाखवायचं, त्याला खुर्चीपर्यंत बसायचं असेल तर आपणही खुर्चीपर्यंतच, उगाच जमिनीला टेकून यायचं नाही. शक्य असेल तर महिन्याभरापूर्वी शिकलेल्या मेंबरला दाखवायला सांगायचं. दुरुस्ती एका वेळी एकच. हात लावायचा झाला तर आधी विचारायचं, आणि काठीनं काम होत असेल तर हात लावायचाच नाही.

सर्वांत महत्त्वाचं मला आईनं शिकवलं. २०२२ साली तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी करायच्या व्यायामांची चित्रं छापलेला एक कागद मिळाला होता. मी मोठ्या तोऱ्यात तिच्यासमोर सतरंजी घातली, आडवा झालो आणि एकेक व्यायाम करून दाखवू लागलो. ती पलंगावरून बघत होती. तिसऱ्या व्यायामाला म्हणाली, "अरे तू काय, तू तर करणारच. मला सांग, कुठं ओढल्यासारखं व्हायला पाहिजे?"

मी उठून बसलो. वीस वर्षं शिकवतोय, हा प्रश्न मी कुणाला आपणहून कधी सांगितला नव्हता की विचारला नव्हता. तिच्या मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, बोट ठेवून म्हटलं, "इथं. हे घट्ट झालं पाहिजे, आणि गुडघ्याच्या मागचा भाग गादीला दाबला गेला पाहिजे." तिनं डोळे मिटले, जोर लावला. "हं, आलं." झालं! माझ्या सतरंजीवरच्या प्रयोगांची काही गरजच नव्हती. तेव्हापासून सेट झाला की मी "कसं वाटलं?" विचारत नाही (उत्तर ठरलेलं, "छान!"). "कुठं जाणवलं?" विचारतो. पाठीच्या व्यायामाचं उत्तर "मानेत" असं आलं की कळतं, माझं शिकवणं अजून झालेलं नाही.

आता जरा कडू बोलतो. या सगळ्याला वेळ लागतो, आणि वेळ कुणाकडे नाही. रोज कुणीतरी मोबाईल पुढे करतं, "सर, हे बघा ना, उद्या हे घ्या." अर्ध्या मिनिटाच्या त्या रीलमध्ये कुणीतरी चेंडूवर उभं राहून डंबेल्स उचलत असतं. रील हा करून दाखवण्याचा शेवटचा टप्पा आहे. त्यात दाखवणारा आहे, सफाई आहे, संगीतही आहे, आणि समोरच्याला बघण्याची सोय अजिबात नाही. मेंबरांना रोज नवीन हवं, मालकांना मेंबर हवेत, तेव्हा ट्रेनर रोज नवीन काहीतरी 'दाखवतो'. शिकायच्या आत ते बदलतं. एका वर्षात माणूस शंभर व्यायाम बघतो आणि त्यातला एकही त्याला येत नाही.

मी हे करत नाही म्हणून गेल्या पावसाळ्यात एकाच महिन्यात दोघं जण सोडून गेले. त्यातल्या एकानं मालकांना स्पष्ट सांगितलं, "इथे रोज तेच तेच करून घेतात." मालकांनी बोलावून विचारलं. मी जे आता इथे लिहितोय तेच त्यांना सांगितलं. ते ऐकून घेतात, पण महिन्याचा हिशोब त्यांनाच करायचा असतो, तेव्हा त्यांनाही दोष देत नाही.

आणि कंटाळा ही खोटी गोष्ट नाही, हेही कबूल. कंटाळून जिम सोडलेल्या माणसाला बिनचूक स्क्वॉटचा काय उपयोग? म्हणून नवीन व्यायाम हवाच. फक्त त्याला काहीतरी कारण असावं. जुना अंगात मुरला म्हणून नवीन, किंवा जुना दुखतोय म्हणून नवीन, किंवा हो, कंटाळा आला म्हणूनसुद्धा नवीन, पण मग जुन्याच्याच पोटातला. ज्याला काठी लावून वाकता येतं त्याला एका पायावर वाकायला सांगा. नव्याची मजाही मिळते आणि पाया तोच राहतो. ज्याला उकिडवं बसता येतं त्याला हातात वजन द्या. (उकिडवं बसायचं म्हटलं की साठीच्या आज्या पटकन बसतात आणि पंचविशीची पोरं मागे कोलमडतात, हा आमच्या बॅचमधला कायमचा विनोद आहे.)

काही ट्रेनर मित्र म्हणतात, "तू करून दाखवत नाहीस, मग मेंबरांचा विश्वास कसा बसणार?" प्रश्न बरोबर आहे. आपलं शरीर हीच आपली पाटी, असं या धंद्यात मानतात. मला बावन्नावं चालू आहे. आज ना उद्या उड्यांचे व्यायाम मला दाखवता येणार नाहीत, तेव्हा यात माझा थोडा स्वार्थही असेल. पण काका परत आले ते माझे दंड बघून नाही. का आले हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही. मला वाटतं, त्यांना फक्त एवढं हवं होतं की या वेळी मी दुसरीकडे वळू नये.

तर शनिवारी मी आमच्या नव्या पोराला बाजूला घेतलं. त्याला रागावलो नाही. त्याच्या वयात मी याहून वाईट होतो. त्याला फक्त म्हटलं, "त्या बाई आल्या की आज दाखवू नकोस. हात मागे बांध आणि बघ." तो गोंधळला. "मग सर, त्यांना कळणार कसं?" मी म्हटलं, बघू.

बाई आल्या. बाक नाही, डंबेल नाही. दोन्ही पाय जमिनीवरच, एक पुढे, एक मागे, आणि एक हात भिंतीला. मागचा गुडघा खाली न्यायचा, गादीच्या दोन घड्या घालून ठेवल्या होत्या त्यांना टेकवायचा आणि वर यायचं. पोरगा हात मागे बांधून उभा. त्याला दाखवायची इतकी ऊर्मी येत होती की बाई खाली गेल्या की हाही गुडघ्यात वाकत होता! बाई दोनदा चुकल्या. तिसऱ्यांदा पोरानं एकच शब्द टाकला, "टाच." बाईंनी पुढची टाच रोवली आणि सरळ वर आल्या. मग एकामागोमाग पाच.

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. बाईंनी मांडीवर हात ठेवला, जरा दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "इथं भरून आलं हो."

पोरानं माझ्याकडे बघितलं. मी प्लेट्स लावायला गेलो.

असो. बरंच लांबलं. तुमच्यापैकी कुणी गाणं शिकवतं, कुणी गाडी, कुणी नातवंडांना सायकल. तुम्ही दाखवता किती आणि बघता किती, ते मला वाचायला आवडेल. आणि आई, तू हे वाचत असशील तर सांग, संध्याकाळचे व्यायाम झाले का? कुठं ओढल्यासारखं झालं, तेही सांग.